ऑप्टिकल ट्विझर किट कॉलेजच्या लॅबमधे वापरून: शिकवायला एक नंबर, जिवंत पेशी मोजायची असेल तर आधी हे वाचा

धुळे, अमळनेर, चाळीसगावकडच्या फिजिक्स आणि बायोच्या ओळखीच्या लोकांनी एवढ्यात खूपदा विचारलं की तुमच्याकडचं ते लेझरने पेशी पकडायचं मशीन कसंय, आम्ही घ्यावं का, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतेय. मी शहाद्याच्या बाजूला एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत, आणि शिकवण्यासाठी मिळणाऱ्या अशा किटांची मांडणी साधारण अशीच असते, लाल लेझर, एक तेलाचं ऑब्जेक्टिव्ह (तेलाचा थेंब लावून वापरायचं सूक्ष्मदर्शकाचं भिंग), कॅमेरा आणि नमुना ठेवायचं बारीक हलणारं स्टेज.

आधी मार्क देऊन टाकते. शिकवायला पाचपैकी पाच. जिवंत पेशी किती कडक, किती मऊ हे मोजून तो आकडा कुठे छापायचा असेल तर बॉक्समधे जेवढं येतं तेवढ्यावर अडीच, आणि थोडा जास्तीचा खर्च करून क्यूपीडी डिटेक्टर (चार भागांचा प्रकाश टिपणारा सेन्सर, मण्याची जागा भराभर वाचतो) घेतला तर चार.

आता हे करतं काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. लेझरचा झोत १.२५ एनएच्या (एनए म्हणजे भिंग किती रुंद कोनातून प्रकाश एकवटतं त्याचा आकडा) ऑब्जेक्टिव्हमधून एका ठिपक्यावर आणतात, त्या ठिपक्याजवळ प्लास्टिकचा बारीक मणी आला की प्रकाश मण्यातून जाताना वळतो, वळला म्हणजे त्याचा संवेग बदलला, आणि त्याची उलटी ढकल मण्याला बसते, आणि ही ढकल मण्याला जिथे उजेड सगळ्यात दाट आहे तिकडेच नेते. अट एवढीच की मण्याचा अपवर्तनांक भोवतीच्या पाण्यापेक्षा जास्त पाहिजे. पाण्याचा १.३३, पॉलिस्टायरीनचा १.५९, म्हणून काम सोपं होतं. अमेरिकेत बेल लॅब्समधे आर्थर अॅश्किन यांनी १९७० मधे प्रकाशाने मणी ढकलून दाखवले, १९८६ मधे एकाच झोताने तीनही दिशांना पकडून दाखवलं, आणि २०१८ ला वयाच्या ९६व्या वर्षी त्यांना याचं नोबेल मिळालं. हे मी दरवर्षी पोरांना सांगते आणि दरवर्षी सांगताना मला स्वतःला भारी वाटतं.

मणी पकडायचं काम किट खरंच सुंदर करतं. एक ते तीन मायक्रोमीटरचे मणी पाण्यात सोडा, स्लाइड लावा, तेलाचा थेंब टाका, फोकस जुळवा, आणि स्क्रीनवर इकडेतिकडे थरथरणारा मणी लेझरजवळ आला की खटकन आत ओढला जातो आणि तिथेच थांबतो, मग स्टेज हलवलं की बाकीचे सगळे मणी सरकतात आणि हा एकटा जागेवर. आमच्याकडची एक मुलगी तर ओरडलीच, "मॅडम, धराई गया!" प्रकाशाला संवेग असतो हे वाक्य बीएस्सीला सगळे पाठ करतात, पण प्रकाशाने काहीतरी धरून ठेवलंय हे डोळ्यांनी बघितल्यावर जे प्रश्न येतात ते फळ्यावर शिकवून कधीच येत नाहीत. जोडणी पण मुलांना स्वतः करता येते, आरसे, लेन्स सगळं उघडं आहे, झाकलेला डबा नाही, मला ही या किटची सगळ्यात आवडलेली गोष्ट. दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी आख्खं खोलून परत जुळवलंय.

पण आम्ही हे घेतलं ते मण्यांसाठी नाही. आमच्याकडे धडगाव, मोलगी, अक्कलकुव्याची मुलं शिकायला येतात आणि सातपुड्याच्या या पट्ट्यात सिकलसेल हा घराघरातला विषय आहे, कोणाच्या भावाला आहे, कोणाच्या बहिणीला, कोण स्वतः वाहक आहे. २०२३ च्या जुलैत केंद्राचं सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं त्याच्याही कितीतरी आधीपासून इथल्या आयांना तो हातापायाच्या दुखण्याचा अटॅक काय असतो ते माहिती आहे. आणि हा आजार, नीट बघितलं तर, पेशीच्या मेकॅनिक्सचा आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, बदल एवढासाच, पण ऑक्सिजन सुटला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोरे होतात आणि पेशी आतून ताठ होते. चांगली लाल पेशी सात-आठ मायक्रोमीटरची, आणि तिला आपल्याहून अरुंद केशवाहिन्यांतून, प्लीहेतल्या साधारण एक मायक्रोमीटरच्या फटींतून आयुष्यभर, म्हणजे सुमारे १२० दिवस, पिळवटून जावं लागतं. खापरावरचा मांडा हातावर कसा ताणला जातो, कुठेही वळतो, पण फाटत नाही, तशी ती पाहिजे, आणि सिकलची पेशी उन्हात वाळलेल्या पापडासारखी होते. मग ती अडकते, तिथे रक्त पोचत नाही, आणि ते दुखणं सुरू होतं, आणि ती पेशी स्वतः पण दहा-वीस दिवसांतच संपते म्हणून अंगात रक्त कमी.

हे मुलांना सांगितलं तेव्हा एका मुलाने विचारलं की मग पेशी किती कडक झाली ते मोजता येतं का. येतं. त्याचसाठी तर ही सगळी प्रकाशाची हत्यारं आहेत. रक्तपेशीच्या दोन बाजूंना मणी चिकटवायचे, एक धरून ठेवायचा, दुसरा लेझरने ओढायचा, आणि किती जोर लावला की किती लांबली ते बघायचं. हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलवरचं औषध चालू असलेल्या पेशंटच्या पेशी जास्त लवचिक राहतात हे पण अशाच मोजमापांतून कळतं. मुंबईच्या टीआयएफआरमधे, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, २००४ मधे मलेरियाच्या परजीवीने बाधित लाल पेशींवर लेझरच्या पकडीत काम झालंय, म्हणजे हे सगळं काही आपल्या राज्याबाहेरचं नाही.

आता खरा मुद्दा, हे किट यातलं किती करू देतं.

सुरुवात बेकरीच्या यीस्टने करा, एकदम बेस्ट. गोल असतं, पाचेक मायक्रोमीटरचं, मेलं तरी हळहळ नाही, किराणा दुकानात मिळतं. मग कांद्याच्या पातीची नाही, तर आतल्या पाकळीची पातळ साल घ्या, तिच्या पेशीत आतला रस वाहताना दिसतो आणि त्या वाहत्या रसातले बारीक कण लेझरने क्षणभर अडवता येतात, पेशीची भिंत न फोडता आत हात घालता येतो, हे बघून बॉटनीच्या मॅडम पण खुर्ची ओढून बसल्या. हायड्रिला या पाणवनस्पतीच्या पानावर मात्र करू नका. लेझर ६५० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल आहे आणि हरितद्रव्य नेमका तोच रंग गिळतं, त्यामुळे हिरव्या कणावर झोत ठेवला की तो तापून खराब होतो. मॅन्युअलमधे याच्याबद्दल एक ओळ नाही, पाहिजे होती.

लाल पेशींचं पण लक्षात ठेवा. पेशी पकडली की ती आडवी राहत नाही, झोताच्या दिशेने कडेवर उभी राहते, स्क्रीनवर थाळी होती ती एकदम काडी दिसायला लागते, मुलांना वाटतं पेशी बिघडली, बिघडलेली नसते. पण फार वेळ धरली तर तापायचा धोका आहेच, कारण हिमोग्लोबिन लाल उजेड हिरव्या-निळ्यापेक्षा बराच कमी शोषत असलं तरी शोषतं. अॅश्किन यांना सुद्धा हाच अनुभव आला होता, आधी हिरव्या लेझरने जंतू पकडले तर ते मरायचे, मग १९८७ मधे १०६४ नॅनोमीटरचा इन्फ्रारेड वापरला तेव्हा पेशी जिवंत राहिल्या, यीस्टला पकडीत असतानाच कोंब फुटले. म्हणून पेशींच्या कामाच्या पकडी बहुतेक इन्फ्रारेडच्या असतात. शिकवायच्या किटमधे लाल का देतात तर डोळ्याला झोत दिसतो, जुळवाजुळव सोपी जाते, स्वस्त पडतो. हे बरोबरच आहे, फक्त ब्रोशरवर मोठ्या अक्षरात जिवंत पेशींचा अभ्यास असं छापायचं आणि हे खाली कुठेच सांगायचं नाही, हे मला पटलं नाही.

दुसरी गोष्ट जोराची. लेझर ४० मिलीवॅटचा, पण आरसे, लेन्स, ऑब्जेक्टिव्ह यातून नमुन्यापर्यंत पोचता पोचता त्यातला बराच भाग जातो. धरा दहा मिलीवॅट पोचले, तर हिशेबाने पकडीचा जास्तीत जास्त जोर चार-पाच पिकोन्यूटन येतो (पिकोन्यूटन म्हणजे न्यूटनचा एक लाख कोटीवा भाग). एका लाल पेशीचं वजनच साधारण एक पिकोन्यूटन असतं, म्हणजे उचलून इकडून तिकडे न्यायला हा जोर भरपूर. पेशीत सामान वाहून नेणाऱ्या एका मोटर प्रोटीनला पूर्ण अडवायला मात्र थोडा कमीच पडतो, त्यातलं किनेसिन साधारण पाच-सात पिकोन्यूटनला थांबतं, आणि ते ८ नॅनोमीटरची पावलं टाकतं हे १९९३ मधे अशाच पकडीतून कळलं. पण लाल पेशी ताणून दुप्पट लांब करायची तर शेकडो पिकोन्यूटन लागतात. ते या लेझरने होणार नाही, कितीही वेळ बसा. त्यामुळे सिकलची पेशी आणि साधी पेशी ताणून फरक दाखवू असं कोणी विक्रेता सांगत असेल तर त्याला नमुन्यावर किती मिलीवॅट पोचतात ते लेखी विचारा.

आता सगळ्यात मोठी तक्रार, मोजमापाची. ज्यांना फक्त दाखवायचंय त्यांनी हा भाग सोडला तरी चालेल, पण ज्यांना प्रोजेक्ट करायचाय त्यांनी नक्की वाचा.

पकड ही स्प्रिंगसारखी वागते, मणी मध्यापासून सरकला की तेवढ्या प्रमाणात मागे ओढला जातो. ही स्प्रिंग किती कडक ते एकदा कळलं की पुढे मणी किती सरकला यावरून पेशीने किती जोर लावला ते कळतं, सगळी इमारत या एका आकड्यावर उभी आहे. तो काढायचा सोपा रस्ता म्हणजे पाण्याच्या रेणूंच्या धक्क्याने मणी पकडीत किती थरथरतो ते बघायचं. खोलीच्या तापमानाला उष्णतेची ऊर्जा ४.१ पिकोन्यूटन-नॅनोमीटर, तिला थरथरीच्या वर्गसरासरीने भागायचं. थरथर २० नॅनोमीटर असेल तर ४.१ भागिले ४००, म्हणजे साधारण ०.०१ पिकोन्यूटन दर नॅनोमीटरला. गणित दहावीचं पोरगं करेल.

अडचण अशी की एक मायक्रोमीटरचा मणी अशा पकडीत एका मिलिसेकंदाच्या आतच आपली जागा विसरतो, आणि किटचा कॅमेरा सेकंदाला ३० फोटो काढतो. एक्स्पोजर पूर्ण ३३ मिलिसेकंद ठेवलं तर त्या एका फोटोत मणी चाळीसेक वेळा इकडेतिकडे होऊन गेलेला असतो, फोटोत दिसते ती सगळ्याची सरासरी, म्हणजे थरथर आहे त्यापेक्षा खूपच कमी दिसते, आणि थरथर कमी दिसली की सॉफ्टवेअर म्हणतं स्प्रिंग कडक आहे. किती कडक? वरच्या उदाहरणात हिशेब केला तर वीसेक पट! एक्स्पोजर एक मिलिसेकंदावर आणलं तरी वर्गसरासरी तीसेक टक्के कमीच येते. किटचं सॉफ्टवेअर ही दुरुस्ती करत नाही, आणि तरीही दशांशानंतर चार आकडे दाखवतं. मुलांचा त्या चार आकड्यांवर विश्वास बसतो ना. मी कंपनीला मेल टाकला, उत्तर आलं की क्यूपीडी मॉड्यूल घ्या. बरोबर उत्तर आहे, क्यूपीडी सेकंदाला हजारो वेळा मण्याची जागा वाचतो आणि मग पॉवर स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती थरथर आहे त्याचा आलेख, काढून त्याच्या वळणाच्या फ्रिक्वेन्सीवरून कडकपणा नीट मिळतो, या उदाहरणात ती १९० हर्ट्झच्या आसपास येते. पण मग हे विकतानाच सांगा ना भाऊ, ग्रँट एकदाच येते, खान्देशातल्या अनुदानित कॉलेजला दुसऱ्यांदा मागायला किती फायली फिरवाव्या लागतात ते ज्याने फिरवल्या त्यालाच माहिती.

दुसरा रस्ता आहे ओढीचा. स्टेज ठराविक वेगाने पळवायचं आणि मणी कोणत्या वेगाला सुटतो ते बघायचं, द्रवातल्या गोल मण्यावरच्या ओढीच्या स्टोक्सच्या सूत्राने जोर निघतो. हा आपल्यासारख्यांसाठी चांगला, कॅमेऱ्याचा वेग आड येत नाही. पण यात पाण्याची चिकटाई लागते आणि सॉफ्टवेअरमधे ती २० अंशांची भरून ठेवलेली आहे, १.०० मिलिपास्कल-सेकंद. आपल्याकडे एप्रिल-मे मधे एसी नसलेल्या लॅबमधे नमुना ४० अंशांवर असतो आणि तेव्हा पाण्याची चिकटाई ०.६५. म्हणजे आकडा खऱ्यापेक्षा सरळ दीडपट आला. ती जागा बदलता येते, सेटिंगमधे खूप आत आहे, आमच्या मुलांनी स्टेजला साधा डिजिटल थर्मामीटर चिकटवलाय आणि दर वेळेला तापमान बघून आकडा भरतात. आणि मणी काचेच्या अगदी जवळ ठेवून मोजू नका, काचेजवळ पाण्याची ओढ वाढते, निदान मण्याच्या आकाराच्या काही पट वर उचला.

हलण्याचा त्रास आपल्या भागात वेगळाच आहे. उसाचा सीझन लागला की कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावरून जातात तेव्हा स्क्रीनवरचा मणी आपला आपण नाचतो, क्यूपीडीच्या ग्राफमधे कमी फ्रिक्वेन्सीला मोठा डोंगर दिसतो. कंपनीचं हवेवर तरंगणारं टेबल किटच्या निम्म्या किमतीचं सांगत होते. आम्ही ग्रॅनाइटवाल्याकडून जाड लादी आणली, खाली स्कूटरच्या अर्धवट हवा भरलेल्या ट्यूबा, आणि त्यावर किट. खूप फरक पडला. पंखा आणि कूलर मोजताना बंदच ठेवा, उकडतं पण इलाज नाही. लाइट जाते त्यासाठी यूपीएस पाहिजेच, लेझर आणि पीसी दोन्हीला, आणि लेझर चालू केल्यावर निदान अर्धा तास स्थिर होऊ द्या. जिनिंग जवळ असेल तर कापसाचा भुसा हवेत असतो, ऑब्जेक्टिव्हच्या तेलावर तो बसतो, तेव्हा रोज काम झालं की लेन्स पेपरने पुसून झाकून ठेवा.

सेफ्टी. हा थ्री-बी वर्गाचा लेझर आहे, सरळ डोळ्यात गेला तर इजा होते. किटला आयपीस नाही, फक्त कॅमेरा आहे, ते चांगलं केलंय. गॉगल दोनच आले, बाकीचे वेगळे घ्यावे लागतात. गॉगल त्याच तरंगलांबीचा आहे का ते बघून घ्या, ऑनलाइन मिळणारे कोणतेही रंगीत गॉगल चालत नाहीत.

रक्ताचं काम करायचं असेल तर आधी कॉलेजच्या एथिक्स कमिटीची परवानगी, आणि नमुना पॅथॉलॉजीवाल्या डॉक्टरांच्या देखरेखीत. सिकलच्या पेशंटचं रक्त मुलांनी प्रोजेक्टसाठी परस्पर आणायचं नाही, कोणी स्वतःहून देतो म्हणालं तरी नाही. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांचं आधीच खूप रक्त तपासण्यात गेलेलं असतं, त्यांच्याकडून काही घ्यायचं तर त्यांना नीट सांगून, त्यांच्या भाषेत सांगून, लेखी घेऊनच.

कोणी विचारलं की मग पेशींसाठी या किटऐवजी दुसरं काय, तर तुमच्या प्रश्नावर आहे. खूप पेशी भराभर तपासायच्या तर ऑप्टिकल स्ट्रेचर, त्यात समोरासमोरच्या दोन फायबरमधून झोत येतात आणि मधली पेशी मणी न लावता स्वतःच लांबते. पेशी खालच्या पृष्ठभागाला किती ओढते ते बघायचं तर मऊ जेलमधे चमकणारे मणी घालून करतात ती ट्रॅक्शन फोर्स मायक्रोस्कोपी, आणि ज्यांच्याकडे फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप आधीच आहे त्यांना मी हीच सुचवेन, जेल बनवता आलं की खर्च कमी. ब्रिल्वँ मायक्रोस्कोपीत तर पेशीला काही लावावंच लागत नाही, परत येणाऱ्या प्रकाशाच्या रंगातला गिगाहर्ट्झचा फरक वाचतात, पण ते यंत्र आपल्या कॉलेजांच्या आवाक्यातलं नाही.

सर्व्हिस ठीक. इंजिनिअर पुण्याहून येतो, बोलावल्यावर वेळ लागतो, पण आला तो माणूस चांगला होता, मुलांना बसवून समजावलं, घाई केली नाही. मॅन्युअल इंग्रजीत आणि अवघड आहे, आमच्या मुलांनी जोडणीच्या पायऱ्या मराठीत लिहून भिंतीवर लावल्यात, कोणाला पाहिजे असतील तर देईन. कोटेशन मागवताना क्यूपीडी, जास्तीचे गॉगल आणि मण्यांच्या दोन बाटल्या पहिल्याच यादीत टाका, आणि कॅमेऱ्याचं एक्स्पोजर किती खाली जातं ते डेमोत स्वतः बघा. धुळे-नंदुरबारकडच्या कोणाला घ्यायच्या आधी हात लावून बघायचा असेल तर या, शनिवारी लॅब मोकळी असते, यीस्ट आमच्याकडे आहे.